मलकापूरचा बोया

कऱ्हाडच्या मंडईत कुणी ओळखीचं भेटलं आणि हल्ली काय करतेस म्हणून विचारलं, तर मी "वर्कशॉपमध्ये असते" एवढंच सांगते. पूर्वी खरं सांगायचे. समुद्रात तरंगणारी यंत्रं बनवते म्हटलं की समोरचा माणूस माझ्याकडे बघायचा, मग मावळतीच्या डोंगरांकडे बघायचा आणि मग घरचे सगळे बरे आहेत ना, असं विचारायचा. त्याचीही चूक नाही. कऱ्हाडला लागून असलेल्या मलकापुरात उभं राहिलं तर आजूबाजूला ऊस, हायवे आणि मोटारींची शोरूम दिसतात. समुद्र घाटाच्या पलीकडे. आणि मी मूळची आटपाडीची. आमचं घर मेंढरांमागं फिरणारं. पाणी म्हणजे टँकर येतो ते, एवढीच लहानपणी समज.

सांगलीला आयटीआयमध्ये मी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड केला. वर्गात आम्ही मोजक्या मुली. नंतर मलकापुरातल्या एका वर्कशॉपमध्ये लागले, ती अजून तिथंच आहे. वर्कशॉपचे मालक फौजेतून निवृत्त झालेले, औंधकडचे. सगळे त्यांना सुभेदार आण्णा म्हणतात. रणगाडे दुरुस्त करणाऱ्या पलटणीत त्यांची नोकरी झाली, त्यामुळे बिघडलेली वस्तू पुढ्यात आली की त्यांना हुरूप येतो. आमचं मुख्य काम साखर कारखान्यांचं. टाक्या, पाइप, व्हॉल्व्ह आणि माझ्याकडे मापं: रसाचं तापमान, वाफेचा दाब, टाकीतली पातळी. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी सगळे कारखाने एकदमच जागे होतात आणि आम्हाला जेवायला सवड मिळत नाही. बाकी वर्षभर बरं चालतं.

अशाच निवांत दिवसांत एकदा नीलिमा मॅडम आमच्या फाटकात आल्या. किनाऱ्यावरच्या एका सागरी संशोधन संस्थेत त्या शास्त्रज्ञ. त्यांचं सासर साताऱ्याचं, त्यामुळे जाता-येता आमच्या अंगणात उभ्या केलेल्या स्टीलच्या टाक्या त्यांना हायवेवरून दिसायच्या. त्या दिवशी त्यांनी गाडी आत घातली, आण्णांना एक फोटो दाखवला आणि हे तुम्ही बनवू शकाल का, असं विचारलं.

फोटोत पाण्यावर एक पिवळा गोल भोपळा होता आणि त्याच्या डोक्यावर लोखंडी मनोरा. त्याला बोया म्हणतात. कोकणातल्या मच्छीमारांच्या जाळ्याला असतात तेही बोयेच, पण हा माणसापेक्षा उंच. मनोऱ्यावर वाऱ्याचं यंत्र, दिवा, सौर पट्ट्या आणि अँटेना. पोटात बॅटऱ्या. खाली लांबच लांब साखळी आणि दोर, त्या दोराला ठरावीक अंतरावर बांधलेले सेन्सर आणि शेवटी समुद्राच्या तळावर बसलेलं वजन. वजनामुळे बोया एका जागी राहतो. वारा किती, लाटा केवढ्या, पाणी किती गार, किती खारट, त्यात माशांना श्वास घ्यायला प्राणवायू किती, हे तो दिवसभर मोजतो आणि उपग्रहामार्फत संस्थेकडे पाठवतो. माणूस बोटीतून जाऊन एखाद्या दिवशी पाणी बघून येईल. बोया तिथं मुक्कामालाच असतो.

मॅडमचा परदेशातून आणलेला बोया एका जहाजाची धडक बसून बुडाला होता. दुसरा यायला फार काळ लागणार होता आणि त्यांना तेवढं थांबायचं नव्हतं. कारण त्यांनी सांगितलं तेव्हा आमच्या पहिल्यांदा लक्षात आलं की हे नुसतं लोखंडाचं काम नाही.

त्यांच्या संस्थेजवळ एक उपसागर आहे, तिन्ही बाजूंनी टेकड्या आणि एका कोपऱ्यात खाडी. तिथल्या एका गावातल्या बायकांनी गट करून पाण्यात पिंजरे टाकले होते. निळ्या पिंपांवर तरंगणारी चौकट आणि तिला खाली सोडलेलं जाळं. त्यात जिताडा मासा वाढवायचा. आधीच्या वर्षी मासे विकायला आले असताना एका सकाळी सगळे मासे पोटं वर करून तरंगले, पिंजरे पांढरे झाले. गावात कुणी म्हणालं खाणं नासकं दिलं, कुणी म्हणालं विष कालवलं. गटातल्या बायका एकमेकींकडे संशयानं बघायला लागल्या. मॅडमचा अंदाज वेगळा होता. पावसाळा सरता सरता खोल समुद्रातलं गार, प्राणवायू संपलेलं पाणी कधीकधी किनाऱ्याला सरकतं. ते उपसागरात शिरलं की उघड्या समुद्रातले मासे पळून जातात, पिंजऱ्यातल्यांना पळायला जागा नसते. हे पाणी येण्याआधी कळलं तर पिंजरे हलवता येतील. त्यासाठी उपसागराच्या तोंडाशी पहारा हवा होता.

आण्णा म्हणाले, "मॅडम, लोखंड ते लोखंड. उसाच्या रसात टिकतंय, मग समुद्रात का न्हाई टिकणार?"

हे वाक्य त्यांना पुढं आम्ही बरेच दिवस ऐकवलं. पण काम घेतलं.

संस्थेनं सेन्सर आणि आराखडे दिले, आम्ही देह घडवला. वर्कशॉपमधली पोरं त्याला "पिवळी" म्हणायला लागली. तयार झाल्यावर ती पाण्यात सरळ उभी राहते का, हे बघायला खोल आणि शांत पाणी पाहिजे होतं. त्या वर्षी आटपाडीकडचा तलाव भरला होता. मी आण्णांना म्हटलं, माझ्या माहेरीच चला.

ट्रकवर उभी पिवळी आटपाडीत शिरली तेव्हा शाळा सुटल्यासारखी गर्दी झाली. बाजूच्या माळावर मेंढरं सोडून माणसं तलावाच्या काठाला आली. माझे वडील फेटा सावरत पुढं आले, पिवळीच्या भोवती एक फेरी मारली आणि हळू आवाजात मला विचारलं, "ह्याच्यात माणूस कुठनं बसतूय?"

कुणी बसत नाही, ते आपलं आपण बघतं, असं मी सांगितलं.

"आनि सांगतंय कुनाला?"

आभाळातून मॅडमना, म्हटलं. वडिलांनी मान डोलावली. लेक हाताबाहेर गेली आहे, पण पगार मिळतो आहे, असा त्या मान डोलावण्याचा अर्थ होता.

क्रेननं पिवळी पाण्यात सोडली आणि ती एका अंगावर कलंडली. काठावर हशा पिकला. बॅटऱ्यांची पेटी आम्ही सोयीसाठी तिच्या पोटाच्या दाराजवळ, एका कडेला बसवली होती, त्यामुळे तोल गेला होता. तिथंच काठावर पेटी काढली, खाली मधोमध सरकवली, पुन्हा वेल्डिंग केलं. दुसऱ्यांदा सोडली तेव्हा ती अशी ताठ उभी राहिली, की आण्णांनी नकळत पाय जुळवले. गावातल्या पोहणाऱ्या गड्यांना आम्ही तिला दोर बांधून ओढायला, हलवायला, लोंबकळायला सांगितलं. त्यांनी ते काम फारच मनापासून केलं. दर वेळी ती झुकायची आणि परत उभी राहायची. समुद्राची पहिली परीक्षा तिनं दुष्काळी भागात दिली आणि पास झाली, हे मला अजून फार आवडतं.

मग घाट उतरून ती समुद्रात गेली. तिला न्यायला हसन नाखवांची मोठी बोट घेतली होती. हसन नाखवा म्हणजे त्या बंदरातला मोठा माणूस, बोटींचा मालक, पिकलेली दाढी, बोलणं कमी. मी आयुष्यात पहिल्यांदा बोटीत बसले आणि बंदर ओलांडताच ओकाऱ्या सुरू झाल्या. त्या अवस्थेतच नाखवांनी "नांगर तयार ठेवा" म्हणून हाक दिली आणि मला वाटलं आपल्याला भ्रम झाला. आमच्याकडे नांगर जमिनीत घालतात. त्यांचा नांगर तळाला जाऊन बसतो. वजन खाली गेलं, साखळी धडधडत संपली आणि आमची पिवळी उपसागराच्या तोंडाशी लाटांवर डुलायला लागली. दुसऱ्या दिवशी मलकापुरात संगणकावर पहिले आकडे आले तेव्हा सगळे हातातलं काम टाकून पडद्याभोवती जमले. पाणी अमुक इतकं गार आहे, वारा नैर्ऋत्येचा आहे, अशा साध्या गोष्टी. पण आण्णांनी पेढे मागवले.

समुद्रात यंत्र सोडलं की काम संपलं असं वाटतं. खरं तर तेव्हा सुरू होतं. बोयाखाली सावलीला मासे जमतात, म्हणून मच्छीमार त्यालाच होडी बांधतात आणि त्याचा दोर ताणला जातो. हसन नाखवांची माणसंही बांधायची. आण्णा त्यांच्याशी भांडायला म्हणून गेले आणि चहा पिऊन आले. दोघांत ठरलं ते असं, की रोज पहाटे बोयावरचा वारा आणि लाटांची उंची नाखवांच्या फोनवर जाईल आणि त्या बदल्यात बोयाला कुणी हात लावणार नाही. समुद्रावर जायचं की नाही हे घरबसल्या कळायला लागल्यावर बंदरातली माणसंच त्याची राखण करायला लागली.

पण समुद्रात दुसरा एक शत्रू असतो, तो बोटीतून येत नाही. पाण्यात काहीही सोडा, थोड्या दिवसांत त्यावर शेवाळ धरतं, मग बारीक शिंपले चिकटतात आणि बघता बघता त्याचा दगड होतो. पहिल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी प्राणवायूचा आकडा उतरायला लागला. रोज थोडा थोडा. मॅडमनी गटाला सावध केलं. बायकांच्या मनात आधीच्या वर्षीचे पांढरे पिंजरे होते. त्यांनी थांबायचं नाही असं ठरवलं आणि अर्धवट वाढलेले मासे काढून मिळेल त्या भावानं विकून टाकले. नंतर काहीच झालं नाही. उपसागर चांगला निळाशार होता. सेन्सर वर काढला तर तो दिसतच नव्हता. शेवाळ आणि शिंपल्यांनी त्याला पार गिळलं होतं. तेच शेवाळ त्याच्या तोंडाजवळचा प्राणवायू खात होतं आणि बिचारा सेन्सर तेवढंच सांगत होता.

मी तो सेन्सर हातात घेऊन धक्क्यावर उभी असताना गटाच्या प्रमुख, सुगंधाताई, तिथं आल्या. पन्नाशीची, काटक बाई. आवाज चढवला नाही. सेन्सरकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुमचं यंत्र आजारी होतं आणि औषध आम्ही प्यालो."

मॅडमनी त्यांची माफी मागितली. आम्ही जीपनं घाट चढून परत निघालो. मलकापूर जवळ आल्यावर आण्णा म्हणाले, "मंगल, फौजेत म्हनतात, मोर्चा सोडायचा न्हाई."

त्यानंतरचे महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले होते. साखर कारखान्यांची कामं उरकली की आम्ही तिघं, मी, आण्णा आणि फोनवर मॅडम, त्या एका सेन्सरच्या मागे लागायचो. तांब्यावर शेवाळ धरत नाही, हे मॅडमनी सांगितलं. म्हणून सेन्सरभोवती तांब्याची जाळीदार टोपी करायची ठरली. आण्णांनी ती घडवली आणि सरळ बोयाच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवली. खारट पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. अंगणातल्या पिंपात मीठ कालवून तपासलं तेव्हा पट्टी चाळणी होऊन बाहेर आली. मग दोघांच्या मध्ये जाड प्लास्टिकची कडी घातली. मी सेन्सरच्या काचेवरून फिरणारा छोटा ब्रश बसवला, मोटारीच्या वायपरसारखा. मलकापुरात समुद्रातलं शेवाळ कुठून आणणार? म्हणून टोप्या हसन नाखवांच्या धक्क्याला दोरीनं बांधून पाण्यात सोडल्या. नाखवा त्यांचे फोटो पाठवायचे, सोबत एकच शब्द: "साफ." मधूनच एखादा फोटो यायचा, "साफ नाही." मग आम्ही पुन्हा कामाला.

शेवटी मी आणखी एक हट्ट धरला. एका जागी एक सेन्सर नको, दोन पाहिजेत, वेगवेगळ्या उंचीवर. आणि प्राणवायूच्या आकड्यावर एकट्यावर भरवसा ठेवायचा नाही, शेजारचं तापमानही बघायचं. खोल समुद्राचं पाणी आलं तर ते गार असणारच. नुसतं शेवाळ वाढलं तर पाणी गार होत नाही. मॅडम म्हणाल्या की त्याही हेच सुचवणार होत्या. सेन्सर वाढले म्हणजे दोर बदलायचा, पेटी मोठी करायची. सगळं बदललं.

दुसऱ्या पावसाळ्याआधी, दुरुस्तीला आणलेला बोया परत जागेवर गेला. गटानं पिंजऱ्यांत नवी पिल्लं सोडली होती. सुगंधाताईंनी मात्र स्पष्ट सांगितलं, की या वेळी त्या स्वतःच्या डोळ्यांनी बघतील. नुसत्या आकड्यांवरून मासे काढणार नाहीत.

गणपती उठले होते, नवरात्र अजून बसायचं होतं. त्या सकाळी मी कारखान्यांच्या दाबमापकांचा ढीग घेऊन बसले होते. मधे पडद्याकडे नजर गेली. खालच्या सेन्सरचा प्राणवायू उतरला होता. आदल्या वर्षीसारखा घसरगुंडीवरून उतरल्यासारखा नाही, जिन्याची पायरी चुकावी तसा. मी वरचा सेन्सर बघितला. तोही उतरायला लागला होता. तापमान बघितलं. पाणी गार झालं होतं. पुढचे आकडे येईपर्यंत मी दाबमापकाला हात लावला नाही. आले ते आणखी खाली.

मॅडमचा फोन आलाच. त्यांनी तेच आकडे संस्थेत बघितले होते. त्या म्हणाल्या, "मंगल, पाणी कुठं जाईल, कधी पोचेल, हे मी बघते. तू मला एकच सांग. यंत्र खरं बोलतंय का?"

मी पुन्हा एकदा सगळं मनात फिरवलं. ब्रश चालल्याची खूण येत होती. बॅटरी भरलेली. दोन्ही सेन्सर वेगवेगळे, तरी एकच सांगत होते आणि तापमान त्यांची साक्ष देत होतं. मी म्हटलं, "खरं बोलतंय."

मग त्यांनी सुगंधाताईंना त्याच फोनवर घेतलं. पाणी दुपारच्या भरतीबरोबर उपसागरात येण्याची शक्यता आहे, पिंजरे खाडीत वरच्या अंगाला, जिथं नदीचं पाणी मिसळतं तिथं न्यावेत, असं सांगितलं. जिताड्याला कमी खारट पाणी चालतं. सुगंधाताई मला म्हणाल्या, "गेल्या वर्षी पण तुमी असंच सांगितलं होतं."

मी म्हटलं, "ताई, गेल्या वर्षी आकड्यानं सांगितलं होतं. या वेळी मी सांगतेय."

हे मी कसं बोलले, मला माहीत नाही. चुकलं असतं तर त्या बायकांनी पुन्हा कधी आमचं तोंड बघितलं नसतं, आणि बरोबरच झालं असतं. फोन ठेवला तेव्हा आण्णांनी जीपची किल्ली उचलली होती. म्हणाले, "चल. बोललीस ना, मग तिथं उभं राहायला पायजे."

घाटात धुकं होतं. फोन लागत नव्हता. खाली उतरल्यावर एकदा लागला आणि मॅडम एवढंच म्हणाल्या, की बायका तयार झाल्या आहेत, पण ओढायला बोटी कमी आहेत. पिंजरे जड असतात आणि ते हळूहळू ओढावे लागतात, नाहीतर जाळं आवळून मासे चेंगरतात. भरती सुरू व्हायची वाट बघावी लागणार होती, कारण तिच्या मदतीशिवाय पिंजरे खाडीत चढणार नव्हते. आणि त्याच भरतीच्या पाठीवर बसून ते वाईट पाणीही आत येणार होतं.

आम्ही टेकडीच्या वळणावर पोचलो आणि आण्णांनी गाडी थांबवली. खाली सगळा उपसागर दिसत होता. हसन नाखवांची मोठी बोट पुढे होती आणि तिच्या मागे बंदरातल्या लहान-मोठ्या होड्या. नाखवांनी मॅडमचा फोन आल्यावर बंदरात कुणी काय करायचं ते वाटून दिलं होतं. प्रत्येक होडीमागे एक पिंजरा, प्रत्येक पिंजऱ्याच्या चौकटीवर पदर खोचून उभ्या असलेल्या दोन-दोन बायका, हातात बांबू. एखादी मिरवणूक निघावी तशी ती रांग हळूहळू खाडीच्या तोंडाकडे सरकत होती. सुगंधाताई सगळ्यात शेवटच्या पिंजऱ्यावर होत्या. मॅडम एका छोट्या होडीत पुढे जाऊन हातातल्या यंत्रानं पाणी तपासत होत्या आणि इथं चालेल, इथं नको, अशा खुणा करत होत्या.

आम्ही पळत धक्क्यावर गेलो. आण्णांनी बूट काढले आणि दोर धरणाऱ्यांत घुसले. मीही घुसले. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली आहे, तिथं पिंजरे काठावरून माणसांनी ओढून काढावे लागत होते. माझ्या पुढे गावातला मास्तर होता, मागे एक आजीबाई. एकेक पिंजरा वळण घेऊन आत गेला. एकाची चौकट मात्र मधेच तुटली. पिंपं सुटायला लागली, मासे सांडतील म्हणून त्याला तिथंच, उपसागरातच, दोरांनी बांधून सोडावं लागलं. तो गटात नव्यानंच आलेल्या रेश्मा नावाच्या मुलीचा होता. ती काठावर बसून राहिली.

बाकीचे सगळे पिंजरे उन्हं उतरायच्या आत खाडीत वर पोचले.

सकाळी उजाडल्यावर आम्ही किनाऱ्यावर गेलो. उपसागराच्या पाण्याचा रंग बदलला होता, हिरवट, मेल्यासारखा. वाळूच्या कडेला लेपा आणि वाम, एरवी तळाशी राहणारे मासे, बोटभर पाण्यात येऊन तोंडं उघडत होते. खेकडे पाण्याबाहेर दगडांवर चढून बसले होते. आणि तिथं राहिलेला तो एकटा पिंजरा पांढरा झाला होता. रेश्माच्या खांद्यावर सुगंधाताईंचा हात होता. बाकीच्या बायकांनी तिथंच ठरवलं, की प्रत्येक पिंजऱ्यातले थोडे थोडे मासे रेश्माचे. कुणी चर्चा केली नाही. तिची चौकट आम्ही नंतर मलकापूरहून मजबूत करून दिली. पण त्या सकाळचा तिचा चेहरा मला अजून दिसतो. आम्ही एक तास आधी सांगू शकलो असतो का, हे मी आणि मॅडम आजही आकडे पुढ्यात घेऊन तपासतो.

तिथून आम्ही होडीनं खाडीत वर गेलो. सुगंधाताईंनी पहिल्या पिंजऱ्यात खाण्याची मूठ टाकली. क्षणभर काही नाही. मग पाणी फुटलं. चांगले वीतभर, हातभर जिताडे एकमेकांवर उसळ्या मारत वर आले. आमच्या अंगावर पाणी उडालं. दुसऱ्या पिंजऱ्यात मूठ, पुन्हा तेच. तिसऱ्यात, चौथ्यात. बायका आधी हसायला लागल्या आणि मग रडायलाही. हसन नाखवांनी दाढीवरून हात फिरवला. आण्णा, जे पेन्शनच्या दिवशीही हसत नाहीत, ते त्या होडीत उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि होडी डगमगत होती.

सुगंधाताई माझ्याकडे वळल्या. "मंगल," त्या म्हणाल्या, "आता तू सांगशील तवा आम्ही पिंजरे हलवू. विचारणार नाय."

विचारा, मी म्हटलं. दर वेळी विचारा.

त्या वर्षीचे मासे दिवाळीच्या तोंडावर निघाले आणि भाव चांगला आला. मॅडमच्या संशोधनाला पहिल्यांदाच त्या पाण्याचा सगळा प्रवास सलग मिळाला: कधी निघालं, किती खोलीवरून आलं, किती दिवस राहिलं. पूर्वी त्यांच्याकडे मेलेले मासे असायचे आणि त्यावरून मागचा अंदाज. आता किनाऱ्यावरच्या इतर उपसागरांसाठीही असाच पहारा बसवायचं ठरलं आणि नव्या दोन बोयांचं काम आमच्याकडे आलं. त्यासाठी आण्णांनी वर्कशॉपला एक नवं शेड बांधलं. त्यात आता माझ्या हाताखाली आयटीआयच्या तीन मुली काम करतात. सेन्सरचं काम करायचं म्हणून एकीनं पुण्याची नोकरी सोडून दिली, याचा मला अभिमान वाटतो आणि तिच्या आईला राग येतो.

गेल्या महिन्यात ते दोन बोये निघाले. ते नेताना सोबत यायचं म्हणून सुगंधाताई आणि गटातल्या बायका मुद्दाम मलकापूरला आल्या होत्या. त्यांनी शेड बघितलं, तांब्याच्या टोप्या हातात घेऊन बघितल्या, दोन्ही बोयांना हळदकुंकू लावलं. मग ट्रक निघाला. मी आणि सुगंधाताई ड्रायव्हरच्या शेजारी, बाकीच्या बायका मागून जीपमध्ये.

हायवेवर वळणाच्या अलीकडे वाहतूक पोलिसानं ट्रक अडवला. कोवळा पोरगाच होता, नवीन लागलेला. वाकून वर बघत त्यानं विचारलं, "हे काय हाय आवं? कुठं न्यायचंय?"

मी सवयीनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात सुगंधाताई खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या होत्या. हा बोया आहे, त्यांनी सांगितलं. हे समुद्रात राहतं. खाली दोन सेन्सर असतात, एक वर, एक खाली. पाण्यातली हवा मोजतात. त्यावर शेवाळ बसू नये म्हणून तांब्याची टोपी असते, तिच्याखाली प्लास्टिकची कडी, नाहीतर ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पाणी गार झालं आणि हवा कमी झाली की समजायचं, खोल पाणी आलं. मग पिंजरे हलवायचे. मासे वाचतात. आमचे वाचले. हे दुसऱ्या गावच्या बायकांसाठी चाललंय. एका दमात त्यांनी सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा सोपं करून, आणि शेवटी अंगठ्यानं माझ्याकडे दाखवलं.

"ही बनवते."

त्या पोरानं माझ्याकडे बघितलं. मग मागे सरकून हायवेच्या मधोमध गेला, शिट्टी मारली आणि दोन्ही हात पसरून समोरून येणारे ट्रक, एसटी, मोटारसायकली सगळं थांबवलं. आमची गाडी वळली आणि घाटाकडं जाणाऱ्या पाटणच्या रस्त्याला लागली.